हातावेगळं न होणारं दुखणं

बादलीतले निम्मे कपडे दोरीवर गेले होते. चादर झटकायला हात वर केले आणि शिवणवाल्या मावशींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून त्या मटकन खाली बसल्या, देवाचं नाव घेत बसून राहिल्या. भोवळ ओसरली तशा एकट्याच उठून दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला.

“मावशी, गोळ्या चालू आहेत ना?”

“त्या संपल्या की, दोन महिने झाले. तीस दिल्या होत्या, तीसही घेतल्या. एक चुकवली नाही.”

हे सांगताना आवाजात जरा तोराच होता. जन्मभर शिवणकाम केलेलं. कपडा बेतला, शिवला, काजं-बटणं करून गिऱ्हाइकाच्या हाती दिला, की काम हातावेगळं. दुखणंही तसंच उरकलं, असं त्या धरून चालल्या होत्या.

“अपेंडिक्सच्या वेळी नाही का, गोळ्या संपल्या आणि मी बरी झाले?”

“ते एकदम उठलं, कापून टाकलं, संपलं. रक्तदाब मुक्कामाला आलाय. गोळीनं गप्प बसतो, जात नाही. गोळी सोडलीत तर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल.”

“मग घ्यायची कधीपर्यंत?”

“रोज. कायमची.”

“म्हणजे मी आहे तोवर?”

“तुम्ही असावं म्हणूनच.”

घरी येऊन त्यांनी भावाला फोन लावला.

“दादा, दवाखान्यात जाऊन आले.”

“का गं? ऑपरेशन-बिपरेशन सांगितलं का? निघू का?”

“नाही रे. रक्तदाब. गोळी कायमची लागली.”

“हात्तिच्या, घाबरवलंस की. तो काय, तुझ्या वहिनीलाही आहे. माझ्यावर ओरडून ओरडून झालाय.” तो हसला. “बरं, काही विशेष झालं तर कळव.”

“कळवते.”

अपेंडिक्सच्या वेळी हाच दादा आठ दिवस खाटेपाशी बसून होता. वहिनी चमच्यानं भरवायची. डबा कोणी आणायचा यावरून शेजारणींची जुंपायची. खोलीत पाय ठेवायला जागा नसे.

मावशींच्या मनात आलं, नाहीच घेतली गोळी तर? काहीतरी विशेष होईल, दादा मिळेल त्या गाडीनं येईल, घर पुन्हा भरेल. मग आपल्याच विचाराची त्यांना लाज वाटली. देवापुढे हात जोडले, पण मागणं सुचेना. ‘बरं कर’ म्हणावं, तर हे बरं व्हायचं नाही. शेवटी त्या एवढंच पुटपुटल्या, “आठवण करायला कोणी नाही. रोज सकाळी माझं मलाच आठवू दे.”

मग तोंडावर पाणी मारून त्यांनी पायात चपला सरकवल्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या आणायच्या होत्या.