विमलच्या सात पेट्या

शाळेत जायला साडीला पिन लावत होते, तेव्हा तुकारामभाऊ दारात येऊन उभे राहिले. इतकी वर्षं शेजार, पण हा माणूस कधी उंबरा ओलांडून आत आला नव्हता. त्या दिवशी आला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, "बाई, विमल गेली." पुण्याच्या दवाखान्यातून तिला आदल्याच आठवड्यात घरी आणलं होतं, तेव्हा हे कधीतरी ऐकायचं होतंच. तरी मी पिन बोटांत धरून तशीच उभी. मग ते म्हणाले, "आजची पेटी कापायची ऱ्हायलीय. काय करू तिचं?" ... या गोष्टीला पाच-सहा आठवडे झाले. विमलबद्दल चार बरे शब्द लिहावेत म्हणून रोज कागद घेऊन बसते आणि उठते. तिच्या मरणात माझा वाटा आहे, आणि तो लपवून बरे शब्द कुठून येणार? म्हणून आज सगळंच लिहिते.

भिगवणला आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. विमल घरी ब्लाउज शिवायची आणि तिचे मालक, हे तुकारामभाऊ, मासळी बाजारात वजनकाट्यावर कामाला होते. एकदा ती बारामतीला कुठल्याशा निसर्गोपचार शिबिराला जाऊन आली आणि गव्हाच्या गवताचं खूळ डोक्यात घेऊनच आली. कुंड्या परवडत नव्हत्या, तर तुकारामभाऊंकडून मासळीच्या मोडक्या लाकडी पेट्या आणवल्या. चुन्यानं धुतल्या, उन्हात वाळवल्या, तळाला गोणपाट घालून त्यात काळी माती आणि शेणखत भरलं. रेशनचे गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मातीवर पसरून दोन दिवस ओल्या पोत्याखाली झाकायचे. वारानुसार सात पेट्या. रोज एक पेरायची, रोज एक कापायची. मिक्सर कुणाकडे होता? पाट्यावर वाटून जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायची. पेल्याला मासळीचा वास येतो म्हणून मी कुरकुर केली की म्हणायची, "मासळी फुकट मिळाली म्हना की."

त्याच सुमाराला माझा खोकला थांबेना. संध्याकाळी कणकण, अंगावरची साडी सैल. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि क्षय सांगितला. घरी लेकीचं लग्न ठरलेलं. आईला टीबी आहे हे बाहेर फुटलं असतं तर सोयरिक मोडलीच असती, आमच्याकडे त्याला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही नवराबायकोनं ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. शाळेत अशक्तपणाची रजा टाकली. गोळ्या खडूच्या डब्यात ठेवल्या आणि दर महिन्याला बहिणीकडे जाते असं सांगून बारामतीची एसटी धरायची. विमलला एवढंच माहीत, की बाईंचं रक्त कमी झालंय.

झालं, ती पेटून उठली. रोज सकाळी सहाला आमच्यामधल्या भिंतीवर पेल्यानं तीनदा ठोकायची, की मी मागच्या दारी जायचं आणि तिच्या देखत रस संपवायचा. हे सगळं तिच्या शिलाईच्या पैशातून. मी पैसे पुढं केले तर चार दिवस बोलली नाही. दर रविवारी मला बाजारात नेऊन मासळीच्या काट्यावर उभं करायची. वजन वाढलं की तिथल्या बायकांना हाका मारून सांगायची, "बगा, गवतानं अंग धरलं बाईंनी." मीही मान डोलवायची. रस मी रोज प्यायले, एक दिवस चुकवला नाही. पण त्याआधी खडूच्या डब्यातल्या गोळ्या घेतलेल्या असायच्या. लेकीचं लग्न झालं, मी खडखडीत बरी झाले. पुढं महिला मंडळाच्या कार्यक्रमात विमलनं मला उभं केलं आणि मी हातात माईक घेऊन सांगितलं, "मी उठले ती या रसानं." टाळ्या पडल्या. विमल पदरानं डोळे पुसत होती. त्यानंतर पार इंदापूरहून माणसं तिच्या पेट्या बघायला येऊ लागली, आणि ती त्यांना आधी माझ्या दारात आणायची, नवी नवरी दाखवावी तशी.

दोन वर्षांनी एका दुपारी पेट्यांना पाणी घालता घालता ती म्हणाली, "बाई, छातीत गाठ हाय. दुखत न्हाय, पन हाय." मी म्हणाले, उद्याच्या उद्या बारामतीला दाखवू. तिनं तांब्या खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "तुमी गेला व्हता का कुठं? तुमी तर बसल्या जागी बऱ्या झाला."

तेव्हा बोलायला हवं होतं. व्हय, गेले होते, नऊ महिने गोळ्या खाल्ल्या... एवढंच वाक्य. लेक सासरी नांदत होती, तिला दिवस गेले होते. पण खरं सांगायचं तर लेकीचं निमित्त होतं. विमलपुढं खोटी पडायची लाज वाटली. "तरी पण दाखव गं," एवढंच पुटपुटले. ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून दोन पेले रस प्यायला लागली. मग मी रोज तिच्या मागं लागले, चिडले, तुकारामभाऊंच्या कानावर घातलं. सगळं केलं, तेवढं एक सोडून. सात-आठ महिन्यांनी गाठ फुटली, तेव्हा तिला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आणलंत?

घरी आणल्यावर एके सकाळी तिच्याजवळ कुणी नव्हतं. मी तिचा हात धरून सगळं सांगून टाकलं. क्षय, गोळ्या, बहिणीचं खोटं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मग माझ्या गवतानं काय न्हाईच केलं?" मी म्हणाले, ताकद दिली की, तुझ्या हातचं होतं ते. तिनं हात सोडवून घेतला. "आता हे कुनाला सांगू नगा, बाई. लोक हसतील मला." मी बरं म्हणाले. तो आमचा शेवटचा शब्द.

ती गेल्यावरही पेट्या उगवत राहिल्या. तुकारामभाऊ रोज पाणी घालतात, रोज नवी पेरतात, त्यांच्या हातून थांबवत नाही. कोण मागेल त्याला गवत देतात. आणि सकाळी सहाला भिंतीवर तीनदा ठोकल्याचा आवाज येतो. आमच्या ह्यांना येत नाही, मला येतो. पहिले काही दिवस मी खरंच उठून मागचं दार उघडत होते. आता अंथरुणात पडून राहते आणि कान झाकते. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच असावं.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतली संगीता आली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली पोरगी. पदरात तोंड घालून खोकत होती. म्हणाली, "दोन म्हयनं झालं काकू. सांजच्याला अंग तापतं. तुकारामकाका गवत देत्यात, रोज रस घेती. विमलमावशी म्हनायच्या, तुमी त्यानंच बऱ्या झाला. किती दिसात गुन आला व्हता?"

विमलला दिलेला शब्द आठवला. पण पोरीच्या गळ्याची हाडं दिसत होती. मी तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं, विमलला उशिरा सांगितलं तसं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला बारामतीला घेऊन गेले. दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलो होतो. तिनं पिशवीतून बाटली काढली, पहाटे उठून पाट्यावर वाटलेला हिरवा रस होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मग विमलमावशी खोटं सांगायच्या व्हय?"

"नाही गं," मी म्हणाले, "तिला मीच खोटं सांगितलं होतं."

तिनं बाटली माझ्यापुढं धरली. "मग ह्याचं काय करू?"

"पी," मी म्हणाले. "आणि नंबर आला की आत जा. मी इथंच बसलेय."