माझा पाय बरा झालेला नाही

लहानपणी तापात माझा उजवा पाय वाळला, तेव्हापासून मी काठी घेऊन चालते. आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळच्या आमच्या गावात त्याचं कोणाला नवल नव्हतं. भावाबरोबर मी वांगी-मेथी लावायची आणि आठवडी बाजारात पाल टाकून विकायची. माझ्या पायाची चर्चा सुरू झाली ती मी ख्रिस्ती झाल्यावर.

त्याचं असं झालं. माय आदिलाबादच्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर एका तेलुगू बाईचा नवरा होता. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू बाजारापुरतं. ती नवऱ्याचं आटोपलं की माझ्या मायचे केस विंचरायची, ओकारी पुसायची आणि डोळे मिटून बसायची. कोणाजवळ मागतेस, असं एकदा मीच विचारलं, तेव्हा तिनं आपल्या प्रभूचं नाव सांगितलं. पुढे तिचा नवरा गेला. खाली त्याला न्यायला गाडी यायची होती, तेवढ्या वेळात ती परत वर आली आणि मायच्या उशाशी बसून तिनं मायसाठी प्रार्थना केली. नंतर मायही गेली. चमत्कार म्हणावा असं काहीच झालं नव्हतं. पण स्वतःचं माणूस गेल्यावर जो हिला जिना चढवून वर आणतो तो कोण, हे मला जाणून घ्यायचं होतं, आणि त्याचा शोध घेत मी प्रार्थनेला जाऊ लागले.

भावाला ते पटलं नाही. "तुह्या देवानं मायले वाचवलं नाई. मंग तुले काय दिसलं त्याच्यात?" असं तो विचारायचा. तरी दर रविवारी मोटारसायकलवर मला सोडायला यायचाच. दारातून परत फिरताना म्हणायचा, त्यानं तुझा पाय सरळ करून दाखवावा, मी त्याच दिवशी आत येतो.

आतही वेगळं नव्हतं. पत्र्याखालच्या आमच्या लहानशा मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही बायका हळूच सांगायच्या की मनात कुठंतरी शंका असेल, म्हणूनच पाय बरा होत नाही.

मग एका उन्हाळ्यात गावाबाहेर मंडप घालून मोठी सभा झाली. बाहेरगावचे एक प्रचारक तेलुगूत बोलत होते आणि एक गुरुजी त्याचं मराठी करून सांगत होते. दुपारी मला स्टेजवर नेलं. प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवला, काठी काढून एका कार्यकर्त्याजवळ दिली आणि चाल म्हणाले. कठड्याला धरून मी पाय ओढत गेले. गुडघ्यातून कळ मस्तकात जात होती. लोक टाळ्या वाजवत होते, ढोलकी चालू होती. प्रभूनं काय केलं ते सांगा, म्हणत माईक माझ्या तोंडाशी आला.

"माझा पाय बरा झालेला नाही," मी म्हणाले. "दुखतोय. माझी काठी द्या. माझा विश्वास आहे, आणि तो या पायावर उभा नाही."

गुरुजींनी हे तेलुगूत सांगितलं नाही. प्रचारकांनी दोनदा विचारलं तरी नाहीच. मग मीच मोडक्या तेलुगूत सांगितलं, पाय तसाच आहे, काठी द्या. पुढं बसलेलं कोणीतरी हसलं. प्रचारकांनी माईक ओढून घेतला आणि अविश्वास आशीर्वादाच्या आड येतो, असं लोकांना समजावू लागले. काठी काही कोणी दिली नाही. मी बसून बसून पायऱ्या उतरले. मला न्यायला आलेला भाऊ गर्दीतून पुढं आला आणि त्या कार्यकर्त्याच्या हातातून त्यानं काठी घेतली.

बाहेर आल्यावर तो परत आत भांडायला निघाला. मी त्याचा हात धरून ठेवला. तो म्हणाला, "आता तरी सोड हे. देव असता तं चार लोकाइत तुही अशी फजिती होऊ देली असती का?"

"तू बी तेच मागून राह्यला जे त्या स्टेजवरच्यानं मागतलं," मी म्हणाले. "तुमाले दोघायले बी माहा पाय पाह्यजे. मले देव पाह्यजे."

त्यानं गाडी सुरू केली.

नंतर मंडळीच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांनी बोलावून घेतलं. नव्या लोकांचा विश्वास डळमळला, तू माफी माग, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आधी माझी काठी काढून घेणाऱ्यानं मागावी. बरेच रविवार बायका माझ्या सतरंजीवर बसल्या नाहीत. मी मात्र अगदी पुढं, काठी शेजारी आडवी ठेवून बसायची आणि गाणी मोठ्यानं म्हणायची. एका रविवारी एक आई मुलीला मांडीवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मुलगी बोलत नव्हती, आणि आईच्या शंकेमुळेच ती बोलत नाही असं तिलाही सांगून झालं होतं. मी काठी सरकवून तिला जागा करून दिली.

भाऊ अजून दारातूनच परत जातो. थंडीत पाय फार ठणकतो, तेव्हा मी देवाला पाय मागते, नाही असं नाही. तो देत नाही, तर तेही त्याला तोंडावर सांगते. आमच्या दोघांत तेवढं चालतं.