काचेच्या पेटीतलं नागपूर

नाशिकहून नागपूरच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर एक रिकामी पेटी होती. हातभर लांब, चार बोटं खोल आणि पुढून काच. तसली पेटी मी आमच्या डॉक्टरीण मडमेच्या भिंतीवर पाहिली होती; तिच्यात समुद्रावरचे शिंपले चिकटवलेले होते. सासूबाईंनी जन्मात नाशिक सोडलं नव्हतं. त्यांना मी ऐटीत म्हटलं होतं, "तुम्हाला अख्खं नागपूर पेटीत घालून आणते."

"आण. पसंत पडलं तर पुढंही जा कुठं कुठं. नाही पडलं, तर हा तुझा शेवटचा प्रवास."

मी अठरा वर्षांची. अक्कल पेटीइतकीच भरलेली.

नागपूर स्टेशनात तिकीट पेटीसाठी लपवलं, तर फाटकावरच्या बाबूनं हात पुढे केला. "आठवण म्हणून ठेवते," मी म्हटलं.

"साऱ्यांनीच आठवण ठेवली बाई, तर मी साहेबाले काय दाखवू?"

तिकीट गेलं.

थोरली बहीण, अक्का, इतवारीत राहायची. मध्यप्रांताच्या या राजधानीत संत्र्याच्या सालीचं फूल करायचा माझा बेत होता. श्रावणात संत्री नसतात, हे तिथं जाऊन कळलं. मग कोष्ट्याकडून (विणकराकडून) रेशमी काठाचा तुकडा आणला. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात, त्यातला बोटभर बैल घेतला. गोळाभात (भातात डाळीचे वाफवलेले गोळे, वरून चरचरीत फोडणी) पेटीत मावेना, तो पोटात ठेवला.

मधली जागा मात्र नाशकात कुणी पाहिलं नसेल अशा वस्तूसाठी राखली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती गल्लीतूनच आली. मारबत! कागदाची, पिवळीधमक, घराएवढी बाई, आणि भोवती सारं गाव ओरडतंय, "ईडापीडा घेऊन जा गे मारबत." मी गर्दीत घुसले, तिच्या पदराची पट्टी फाडली आणि घरी येऊन खळ लावायला बसले.

अक्काच्या सासूबाईंनी वाकून पाहिलं. "काय चिकटवून राहिली वं?"

"मारबतीचा पदर."

त्या दोन पावलं मागे सरल्या. "अवं, गावाची रोगराई घेऊन ते वेशीबाहेर चालली होती. तू तिले घरात काहून आणलं? जाय, जिचं तिले देऊन ये."

नऊवारीचा ओचा खोचून मी मिरवणुकीमागे धावले. दोर ओढणारा एक जण हसून म्हणाला, "काय बाई, पीडा सोडवेना काय?" पट्टी मारबतीच्या पायाशी कोंबली आणि पापक्षालन म्हणून सगळ्यांहून मोठ्यानं ओरडले.

नाशकात सासूबाईंनी पेटी उजेडात धरली. काठावर बोट फिरवलं, बैलाकडे पाहिलं. "मधे काहीच नाही?"

आता प्रवास संपले, असं समजून मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरची खुंटी चाचपली. मग पेटी देवघराशेजारी टांगत म्हणाल्या, "पुढल्या पोळ्याला मीही येते. मलाही एक पीडा पोचवायची आहे."

"कोणती?"

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

आम्ही दोघी गेलो. पीडा काही तिथं राहिली नाही. परतीच्या गाडीत ती त्यांच्याच खांद्यावर डोकं टाकून नाशिक येईपर्यंत घोरत होती.