सुजाताची बुडायची तयारी

किस्से म्हंजे वाफ्यातलं तण. एक उपटावा तर खाली दोन. आमच्या ऊसरोपांच्या नर्सरीत तर रोपांपरास किस्सेच जास्त उगवल्यात. मला लिहाय-वाचाय येत न्हाई, पण इसरायबी येत न्हाई. तवा ऐका.

नर्सरी पलूसकडं, नदीजवळच्या रानात. कारभार सगळा सूनबाईचा, सुजाताचा. कुणाची रोपं, कुठली जात, कवा द्यायची, सगळं तिच्या कॉम्प्युटरात.

एकदा वीज पडली आन् कॉम्प्युटर जळाला! सकाळी शेतकरी दारात. सुजाता म्हणाली, "आपापली रोपं ओळखा बघू."

सगळ्यांनी एकाच ट्रेकडं बोट केलं. सगळ्यात उंच रोपांच्या! मरतुकड्या ट्रेंना कुणी वालीच न्हाई.

तवाच तिनं ठरवलं, कॉम्प्युटर जळू दे न्हाईतर बुडू दे, दुसऱ्या दिवशी काम चालू पायजे. त्यात साखर कारखान्यानं कळवलं, "आमचे साहेब तुमची तयारी तपासतील. पास झालात, तर आमच्या सगळ्या सभासदांची रोपं तुमच्याकडून." एवढं मोठं काम आमच्या दारात पयल्यांदाच आलेलं. सुजाताला जेवण गोड लागंना.

*

पयलं काम, कॉपी. नव्या कॉम्प्युटरातली सगळी म्हाईती एका डिस्कमधी भरून ती पाटणला ठेवली, माझ्या भणीकडं, हौसाकडं. तिकडं डोंगर, पाणी चढायची भीती न्हाई.

खंडेनवमीला सुजातानं फोन लावला, "मावशी, डिस्क नीट हाय न्हवं?"

"लय नीट! आज हत्यारांची पूजा. कोयता, खुरपं आन् तुझी डिस्क, तिघांना एकाच परातीत दुधानं आंघोळ घातली!"

सुजातानं दुसरी डिस्क धाडली. संगं निरोप, "हिला नमस्कार लांबनं करा."

*

मग पूर आल्यावर कुणी काय करायचं, त्याचा कागद छापला. भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमधी घातला आन् भिंतीला लावला. आमच्याकडं कामाला येणारी तानूबाई बुटकी, तिला वाचता यावा म्हणून जरा खालीच लावला.

तानूबाईनं वाचला, मान वर केली आन् म्हणाली, "वैनी, मागच्या पुराची रेघ तर ह्याच्या हातभर वर हाय!"

*

माझा लेक विलास, सुजाताचा नवरा, फौजेतनं रिटायर होऊन आलेला. तो म्हणाला, "नुसत्या कागदावर काय होत न्हाई. रंगीत तालीम पायजे!"

शिट्टी वाजवली. "समजा पाणी आलं! दहा मिनिटांत सगळं माळावर!"

काय पळापळ! रोपांचे ट्रे माळावर, म्हस माळावर, पाण्याची मोटर माळावर. तानूबाईनं चुलीवरचा चहासुदीक सांडू न देता माळावर न्हेला. विलासनं घड्याळ बघितलं. "शाब्बास! आठ मिनिटं!"

सुजातानं चौफेर बघितलं. "आन् कॉम्प्युटर?"

तानूबाई चहा गाळत म्हणाली, "त्याला कशाला आणायचं? त्याची कॉपी पाटणला हाय की!"

*

आन् मग साहेब आले.

कॉपी उघडायला पासवर्ड लागतो. एकट्याच्या हातनं ती उघडू नये, म्हणून सुजातानं निम्मा पासवर्ड विलासला ठरवाय लावला, निम्मा आमच्या मालकांना. आयडिया लय भारी. पण ती एक इसरली. मालकांना न इचारता विलासनं बैल इकलं, तवापासनं बापलेकात अबोला. आठ म्हयनं! "ह्याला सांग, जेवाय बस." "त्यांना सांग, भूक न्हाई." मधी मी.

साहेब म्हणाले, "समजा कॉम्प्युटर बुडाला. कॉपी उघडून दाखवा."

सुजातानं पाटणहून आणवलेली डिस्क कॉम्प्युटरला जोडली. विलास बसला, आपला निम्मा दाबून उठला. मालक बसले, एका बोटानं आपला निम्मा दाबला. चुकला!

परत. परत चुकला!

सुजाता माझ्याकडं सरकली. माझ्या कानात म्हणाली, "आत्ती, तिसऱ्या खेपंला चुकला तर कुलूप लागतंय. साहेब काय काम देणार न्हाईत."

विलास मला म्हणाला, "आई, त्यांना इचार, त्यांचंच चुकत आसंल."

मालक भिंतीला म्हणाले, "ह्याला सांग, माझं बरोबर हाय."

साहेब आळीपाळीनं तिघांकडं बघाय लागले.

विलास तिसऱ्यांदा बसला. मालक मागं हुबं, मान लांब करून. विलासनं बोट खाली न्हेलं, तवर मालक वरडले, "आरं, पयलं अक्षर कॅपिटल की रं, इलास!"

बोट तसंच थांबलं. विलासनं मागं वळून बघितलं.

"व्हय, आबा."

मग मालक बसले. कॉपी उघडली. कुणाची रोपं, कुठली जात, सगळं हजर!

साहेबांनी कागदावर सही केली. "ताई, पास. पण एक चूक राहिली. आजोबांना मुलाचाही निम्मा पासवर्ड ठाऊक आहे. आजच्या आज बदला."

सुजातानं कॉम्प्युटरकडं बघितलं. मालक खुर्चीत, विलास त्यांच्या खांद्यावरनं वाकलेला, आन् दोघं एकाच यादीवर बोट ठेवून वाद घालत होते.

"बदलते की, साहेब," ती म्हणाली. "पण आज नको."