कौल दोनदा लावला

आमचे मालक फौजेतून रिटायर झालेले. पाण्याच्या टाकीवरून उतरताना घसरले आणि डोकं आपटलं. साताऱ्यात डोक्याचा फोटो काढला. मार लागला नव्हता, पण आत रक्ताच्या नळीला एका जागी फुगवटा निघाला. पडल्यामुळे झालेला नव्हे, आधीचाच. पडले नसते तर कळलंही नसतं, आणि मी तरी निवांत झोपले असते.

तिथून सांगलीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई अशाच फुगवट्यांचा आणि लकव्याचा अभ्यास करतात. वयानं लहान, बोलणं सरळ. म्हणाल्या, "सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना काका, तसं आहे. फुटला तर जीवाला धोका, नाहीतर लकवा. पण पुष्कळांचा जन्मभर फुटत नाही."

"मग काढून टाका की," हे म्हणाले.

"काढत नाहीत, आतून भरतात. जांघेतून बारीक नळी डोक्यापर्यंत न्यायची. त्यातही धोका आहेच. तुमच्याएवढा लहान असेल तर भरावा की नुसतं लक्ष ठेवावं, हे अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. तेच मी शोधतेय. तुम्ही यात आलात तर निम्म्यांचा भरायचा, निम्म्यांवर लक्ष ठेवायचं. कोण कुठं, ते कॉम्प्युटर ठरवणार, मी नाही."

"म्हंजे कौलच लावायचा."

मी विचारलं, "बाई, तुमचा नवरा असता तर काय केलं असतं?"

त्या म्हणाल्या, "ते माहीत असतं तर हे काम कशाला करत बसले असते, मावशी?"

मला राग आला. एवढं शिकून माहीत नाही म्हणतात. पण खोटं बोलत नव्हत्या, तेही दिसलं.

घरी विचार करून या, म्हणाल्या. घरी धाकटे दीर तयारच होते. "दादा, मशीन कौल लावणार, आन् आपला देव काय नुसता बसलाय व्हय?"

गेलो देवळात. गुरवानं देवाला दोन्हीकडं कळ्या लावल्या. उजवी पडली तर भरायचा, डावी पडली तर राहू द्यायचा. उजवी पडली. दोघं भाऊ खूश.

मी म्हणाले, "आन् मशीननं डावी दिली म्हंजे?"

"देवापुढं मशीन काय करतंय, वहिनी?"

पुन्हा सांगलीला तिघं गेलो. यांनी हसतच सही केली. बाईंनी बटण दाबलं. लक्ष ठेवायचं, असं आलं.

"परत दाबा," हे म्हणाले.

"परत दाबलं तर अभ्यास कसला, काका?"

"पण देवानं उजवी दिलीया."

बाई हसल्या नाहीत. "मन मानत नसेल तर आत्ता नाव काढा. तरी मीच बघेन तुम्हाला. भरायचं म्हणालात तर त्याचंही बोलू."

"दादा, ऊठ," दीर दंड धरून ओढायला लागले. हे उठेनात. उठावं की बसावं, मला काहीच सांगता येत नव्हतं.

"पलटणीत पोस्टिंग आली की जायाचं," हे शेवटी म्हणाले. "नाव दिलं, आता जागा आवडली न्हाई म्हणून पळू व्हय? मला न्हाई जमायचं."

दीर तिथूनच वेगळ्या एसटीनं गेले. अजून आमच्याकडं जेवायला येत नाहीत.

पोस्टिंग यांना, पहारा मला. बिडी बंद केली, बीपीची गोळी मी समोर उभी राहून देते. न्हाणीत आवाज थांबला की दार वाजवते.

"अगं, मेलो न्हाई अजून!"

"मग बोलत ऱ्हावा."

आता ते आंघोळीला बडबड करत बसतात. शेजारणी हसतात. हसू देत.

डॉक्टरीणबाईंचा मधून मधून फोन येतो. परवा मीच उचलला आणि विचारलं, "कळलं का, दोन्हीतलं कुठलं बरं ते?"

"अजून नाही, मावशी. काही वर्षं लागतील."

"तेवढी आमच्याकडं हायत का, ते आधी बघा."

त्या म्हणाल्या, "काकांना विचारा, डोकं दुखतं का? मळमळतं का?"

मी विचारलं. हे पेपरातून मान वर न करता नाही म्हणाले. खरं सांगत असतील असं धरून मी फोनवर तसंच सांगितलं.