विकलेल्या गाडीची पूजा

शनिशिंगणापूरच्या वाटेवर माझे घर असल्याने नवी वाहने पूजेसाठी दारी येतात. त्या सकाळी मात्र एक वृद्ध शेतकरी जुनी, तांबडी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेऊन आले. उतरताना त्यांनी एक पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला.

"इकली, गुरुजी. गुडघा क्लच दाबू देत न्हाई. पुन्याचं गिऱ्हाईक दुपारी न्यायला येतंय. पूजा करा."

"अहो, पूजा नव्या गाडीची करतात!"

"नव्या गाडीला कसली भीती? ही आता परक्याच्या हातात चाललीय."

मला ते पटले. निरोपाचा विधी म्हणून मी देवतेच्या विसर्जनाचा मंत्र योजिला. मी गंध लावीत असता ते बॉनेटवरची एकच स्वच्छ जागा टॉवेलने पुनःपुन्हा पुसत होते. अक्षता वाहून मी 'पुनरागमनाय च' म्हणालो आणि सवयीने अर्थही सांगितला : पुन्हा परत यावे.

त्यांचा हात थांबला.

"तेवढं म्हनू नका, गुरुजी. परत आली, तर दुसऱ्यांदा द्यायला मला जमनार न्हाई."

देवांना निरोप देताना ते शब्द मी आयुष्यभर निःशंकपणे उच्चारले होते. त्या दिवशी मंत्र पुन्हा आरंभापासून म्हटला, आणि त्या शब्दांपाशी येऊन केवळ हात जोडले.