रायरमामांच्या जास्तीच्या खुर्च्या

रायरमामा खुर्च्या नेहमी जास्तच मांडत. चेन्नईत, अण्णा नगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभेला मोजकीच टाळकी जमायची. मामा मात्र सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीला टेकवलेल्या झाडून सगळ्या लोखंडी खुर्च्या उघडायचे, फडक्याने पुसायचे आणि एक डोळा मिटून ओळ सरळ आहे का ते बघायचे. सभेनंतर त्या मिटायचं काम आमच्या गळ्यात. एकदा वैतागून मी म्हटलं, मामा, निम्म्याच मांडू या. त्यांनी माझी कीव केल्यासारखं बघितलं.

"आले तर कोठें बसतील, पा?"

रायर हे काही त्यांचं नाव नव्हे. तंजावरकडून आलेल्या मराठी माणसाला इथले शेजारी रायर म्हणतात, आणि मामा सगळ्या गल्लीचे रायर होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, कपाळाला बारीक गंध, कमरेला पांढरी वेष्टी. मी सांगलीचा, मोटारींच्या कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी धरून वेलचेरीत राहणारा. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण शब्द माझ्या पणजोबांचे आणि हेल तमिळ. 'सगळे' या शब्दाला ते 'अस्के' म्हणत. पण हिशेब तमिळमध्ये करत आणि रागावले की तमिळमध्येच रागावत. माझ्याशी मराठी बोलताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की दुसऱ्या भेटीपासून माझं हसू बंद झालं.

मंडळाची वधूवर नोंदणी मामांकडे होती. फुकट मिळणाऱ्या एका ऑफिस पॅकेजमध्ये त्यांनी स्वतः धडपडून एक फॉर्म बनवला होता. हिरवी पार्श्वभूमी, ठळक अक्षरं, नाव, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. शेवटचा रकाना होता, 'घरांत मराठी बोलतात काय?' जुन्या नोंदींत तिथे 'होय' असायचं. मग 'थोडें' येऊ लागलं. अलीकडच्या बहुतेक नोंदींत एकच उत्तर होतं, 'आजी बोलते.' मामा ते जसंच्या तसं टाइप करायचे. ही नोंदणी आपल्यामागे कुणीतरी चालवावी, एवढी एकच इच्छा ते उघड बोलून दाखवत.

माझा संबंध आला तो वीज गेल्यामुळे. मामा नोंद करत असताना दिवे गेले आणि दिवे आल्यावर फाईल उघडेचना. नशिबाने जुनी प्रत होती, पण मामा हादरले. मी त्यांना समजावलं की समोर दिसतो तो फॉर्म वेगळा आणि माहिती साठवणारा डेटाबेस वेगळा. तुमच्याकडे दोन्ही एकाच फाईलमध्ये कोंबलेले आहेत, ते आधी सोडवायला हवं. हिरवा फॉर्म तसाच राहील, फक्त मागचं कोठार बदलायचं. आता कोठार कुठलं, हा प्रश्न होता. एक पर्याय साधा होता, त्याच कॉम्प्युटरवर वेगळी, भक्कम फाईल. दुसरा थोरला, इंटरनेटवर जागा घेऊन चालवायचा सर्व्हर, जिथे जो तो आपापल्या गावाहून एकाच वेळी काम करू शकतो. माझं मत साध्याच्या बाजूने पडलं. नोंदी करणारे मामा एकटे, आणि सर्व्हर म्हटलं की त्याची निगा आली.

मामांनी फिल्टर कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "दोघांनी एकदम उघडलें तर?"

मी म्हटलं, साध्यात ते जमणार नाही.

"मग मोठें घे. तंजावरचे आहेत, कोइमतूरचे आहेत, बंगळूरचे आहेत. अस्के करतों म्हणालेत."

मला खुर्च्या आठवल्या. पण वाद कोण घालणार? मी सर्व्हर उभा केला, हिरवा फॉर्म त्याला जोडून दिला, तिन्ही गावच्या मंडळींना नावं आणि पासवर्ड कळवले. सर्व्हरवर या क्षणी कोण कोण जोडलेलं आहे याची यादी दिसते. मामांना ती फार आवडली. दर रविवारी फोन यायचा, "आज कोण कोण आलें?" मी यादी बघायचो. तिच्यात मामांचं नाव असायचं. मी म्हणायचो, तुम्ही आहात. "सेरी," बरं या अर्थी ते म्हणायचे, "उद्या येतील."

कोणी आलं नाही. तंजावरच्या मामी फोनवरूनच माहिती सांगायच्या आणि मामा ती लिहून घ्यायचे. कोइमतूरकर पासवर्ड हरवला म्हणाले, नवा दिला तोही हरवला. बंगळूरकरांच्या मुलीने परजातीत लग्न केलं आणि त्यांचा फोनच बंद झाला. मला त्या लोकांचा राग यायचा. मामांना यायचा नाही, याचाही राग यायचा.

मग श्रीधरचा फोन आला. श्रीधर मामांचा एकुलता एक, बंगळूरला नोकरीला. त्याने ऑफिसातल्या मल्याळी मुलीशी लग्न ठरवलं होतं आणि अप्पा, माझं नाव त्या यादीतून काढा, असं तो अगदी सभ्यपणे म्हणाला होता. मामांनी मला बोलावून घेतलं. मी करतो म्हटलं तर नको म्हणाले. त्यांनी स्वतःच श्रीधरची नोंद उघडली. शेवटच्या रकान्यात 'होय' होतं. नोंद खोडायची का, असं मशीनने विचारलं. मामांनी तो प्रश्न ओठ हलवत वाचला आणि बटण दाबलं.

"कोठें तरी राहतें काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थोडे दिवस मागच्या प्रतींत राहील, मग तिथूनही जाईल.

"बरें," मामा म्हणाले आणि कॉफी करायला उठले. लग्नात मी त्यांना पाहिलं तेव्हा सजवलेल्या हॉलमध्ये ते पाहुण्यांच्या खुर्च्यांची ओळ सरळ करत होते.

गेल्या पोंगलनंतर मामा गेले. तापाचं निमित्त झालं. तेराव्याला मात्र माणसं लोटली. तंजावरहून आली, कोइमतूरहून आली, बंगळूरहूनही आली. खुर्च्या पुरल्या नाहीत, कितीतरी जण भिंतीला टेकून उभे होते आणि आपसात तमिळमध्ये मामांच्या आठवणी काढत होते. मला तिथे उभं राहवेना, मी जिन्यात जाऊन बसलो. तिथे श्रीधर आला. अप्पांचा तो सर्व्हर कुणी वापरतं का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. नाही म्हटलं. मग बंद करून टाकू या, तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी बंद करायला बसलो. बंद करण्याआधी कुणाचं काम अर्धवट राहत नाही ना, हे बघायची पद्धत असते, म्हणून जोडलेल्यांची यादी उघडली. यादीत एक जण दिसला. तंजावर? कोइमतूर? मी पुढे वाकून नाव वाचलं.

ते माझंच होतं. यादी बघायची तर आधी आत यावं लागतं; इतके रविवार मी स्वतःला मोजलंच नव्हतं.

रविवारच होता. मामांनी विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, एक जण आलाय, मामा, पण तो बंद करायला आलाय.